ब्लूटूथ कुठे अडतंय, ते टर्मिनललाच विचारा

तुमची तक्रार मी अशी समजलो: घरचा डेस्कटॉप आहे, त्यावर उबुंटू २२.०४ आणि सोबत विंडोज. ब्लूटूथसाठी कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला छोटा यूएसबी डोंगल लावलाय. हेडफोन पेअर होतो, पण कनेक्ट केला की दोन सेकंदांत सुटतो. माउस चालता चालता अडखळतो, आणि विंडोजमध्ये जाऊन परत आलं की उबुंटूला ओळखतच नाही. सेटिंग्जच्या खिडकीत नुसतं एक बटण चालू-बंद होतं, कारण काही कळत नाही. ते टर्मिनलमधून कसं शोधायचं, असा तुमचा प्रश्न.

हा एक बिघाड नाही, तीन आहेत. हेडफोन सुटतो तो बहुधा आवाज सांभाळणाऱ्या सर्व्हरमुळे. माउस अडखळतो तो रेडिओतल्या गोंगाटामुळे किंवा वीजबचतीमुळे. विंडोजमधून आल्यावर ओळख जाते ती पेअरिंगच्या वेळी ठरणाऱ्या गुप्त किल्लीमुळे. या तिन्हींवर सगळीकडे एकच उपाय सांगितला जातो: डिव्हाइस काढून टाका आणि पुन्हा पेअर करा. तिसऱ्या बिघाडाला तो तेवढ्यापुरता लागू पडतो, पहिल्या दोहोंना अजिबात नाही. शिवाय काढून टाकलं की पुरावाही जातो. म्हणून काहीही पुसण्याआधी खालून वर जा: आधी हार्डवेअर, मग कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), मग ब्लूटूथची सेवा, मग पेअरिंग आणि सगळ्यात शेवटी आवाज. खालचा थर ठीक आहे याची खात्री होईपर्यंत वरच्या थराला हात लावू नका.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत करायच्या. ‘डीमेसेज’ म्हणजे डी, एम, ई, एस, जी. ‘एलएसयूएसबी’ ही सलग पाच अक्षरं. ‘ब्लूटूथसीटीएल’ म्हणजे ब्लूटूथच्या स्पेलिंगला चिकटून सी, टी, एल. जुन्या लेखांत ‘एचसीआयकॉन्फिग’ आणि ‘एचसीआयटूल’ भेटतील. लिनक्सवरचा ब्लूटूथचा सगळा संसार ‘ब्लूझेड’ सांभाळतं. त्याची पाचवी पिढी डिसेंबर २०१२ मध्ये आली आणि पुढे ही दोन्ही हत्यारं मोडीत काढली गेली. त्यांच्या मागे लागू नका.

सुरुवात इथून करा:

एलएसयूएसबी

यादीत डोंगलची ओळ दिसली पाहिजे, दोन तुकड्यांच्या ओळख-क्रमांकासह. ती नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. पोर्ट बदला, पुढच्या पॅनलऐवजी थेट मदरबोर्डवरचं पोर्ट वापरून पाहा, डोंगल दुसऱ्या मशीनला लावून पाहा.

तुमच्याकडे डोंगल आहे, पण हे वाचणाऱ्या पुष्कळांकडे वायफाय आणि ब्लूटूथ एकत्र असलेलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड असेल, त्यांच्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची. अशा कार्डात वायफाय पीसीआयच्या खाचेतून चालतं, पण ब्लूटूथचा भाग यूएसबीवरून बोलतो. म्हणून कार्डासोबत एक बारीक केबल येते आणि ती मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या पिनांवर खोचावी लागते. ती राहिली की वायफाय झकास आणि ब्लूटूथ गायब. मग माणूस ड्रायव्हर शोधत बसतो. तसंच मागच्या बाजूच्या अँटेना. मदरबोर्डमध्येच वायफाय-ब्लूटूथ असेल तर त्या स्क्रू करून लावाव्या लागतात. वायफाय न वापरणारे लोक त्या खोक्यातच ठेवतात आणि हेडफोन हातभर अंतरावर का तुटतो म्हणून हैराण होतात. ब्लूटूथही त्याच अँटेनांवर चालतं.

आणखी एक खुलासा. स्वतःचा इवलासा रिसीव्हर घेऊन येणारे वायरलेस माउस आणि कीबोर्ड बहुतेकदा ब्लूटूथ नसतातच. २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा, पण बोली कंपनीची स्वतःची. असं उपकरण ब्लूटूथच्या यादीत कितीही शोधलं तरी सापडणार नाही. संगणकाला तो साधा यूएसबी माउस वाटतो.

डोंगल दिसला, तर आता कर्नलला त्याच्याबद्दल काय वाटतं ते पाहू:

सुडो डीमेसेज | ग्रेप -आय ब्लूटूथ

उबुंटूमध्ये आता ‘सुडो’शिवाय, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराशिवाय, हा लॉग वाचता येत नाही, म्हणून ते हवंच. या ओळी घाई न करता वाचा, कारण अर्धे प्रश्न इथेच सुटतात. ‘एचसीआय०’ हे नाव दिसलं म्हणजे कर्नलने अडॅप्टरला (तुमच्या डोंगलला किंवा कार्डाला) स्वीकारलं. त्यानंतर फर्मवेअरची ओळ येते. ब्लूटूथच्या बऱ्याच चिपांना स्वतःचा प्रोग्रॅम पोटात ठेवता येत नाही, दर वेळी चालू होताना संगणकाने तो भरवावा लागतो. ती फाइल सापडली नाही तर ‘एरर -२’ दिसतो. वजा दोन म्हणजे लिनक्सच्या भाषेत ‘अशी फाइल नाही’. आजकालच्या स्वस्त डोंगलांत रियलटेकची ‘८७६१’ मालिकेतली चिप फार आढळते, आणि तिच्या बाबतीत ही तक्रार नेहमीची. उबुंटूत ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेज अद्ययावत केलं की ती फाइल येते. उबुंटू ज्यावर बेतलंय त्या डेबियनमध्ये ‘फर्मवेअर-रियलटेक’ वेगळं टाकावं लागतं. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, इन्स्टॉलरच असं फर्मवेअर सोबत आणतो, त्यामुळे नव्याने बसवलेल्या मशीनवर हा त्रास कमी झालाय. पॅकेज टाकल्यावर डोंगल काढून पुन्हा लावा आणि तीच कमांड पुन्हा चालवा. ‘एरर -२’ गेला का, एवढंच पाहायचं.

दुसरा आकडा ‘-११०’. याचा अर्थ वेळ संपली: कर्नलने चिपला विचारलं आणि चिप गप्प राहिली. इंटेलच्या एकत्र कार्डांवर तो विशेष दिसतो, आणि त्याचं मूळ अनेकदा विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’मध्ये असतं. त्या सोयीमुळे विंडोज ‘शट डाउन’ म्हटल्यावरही पूर्ण बंद होत नाही, कार्ड अर्धवट अवस्थेत राहतं आणि लिनक्स सुरू झाल्यावर उत्तर देत नाही. डेस्कटॉप नुसता रीस्टार्ट करून हे सुटत नाही, कारण मशीन बंद दिसलं तरी मदरबोर्डला थोडी वीज मिळतच असते. मशीन बंद करा, मागे पॉवर सप्लायवरचं बटण बंद करा, पुढचं पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, मिनिटभर थांबा आणि मग सुरू करा. याने काम झालं तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा. दोन ऑपरेटिंग सिस्टिम एका मशीनवर नांदवायच्या असतील तर ते चालू ठेवण्यात काही अर्थ नाही.

‘एलएसयूएसबी’मध्ये तुमच्या डोंगलचा क्रमांक ‘०ए१२:०००१’ असेल तर थोडं सावध व्हा. हा केंब्रिज सिलिकॉन रेडिओ या कंपनीचा क्रमांक. कंपनी २०१५ मध्ये क्वालकॉमने घेतली, पण तिचा क्रमांक लावलेले नकली डोंगल अजून ढिगाने विकले जातात. नकल इतकी सर्रास आहे की कर्नलमध्ये तिच्यासाठी खास तरतूद करावी लागली. अशी चिप ओळखली की लॉगमध्ये ‘अनब्रँडेड सीएसआर क्लोन डिटेक्टेड’ असं स्पष्ट लिहून येतं. नव्या कर्नलवर यातले बरेचसे चालतात, काही मात्र कशानेच नीट चालत नाहीत. ही ओळ दिसली आणि जोडणी लहरी असेल, तर त्या डोंगलमागे आठवडा घालवण्यापेक्षा तो बदला. सॉफ्टवेअरने सुटणारा हा प्रश्न नाही.

आता सेवेकडे. दोन कमांड:

आरएफकिल लिस्ट

सिस्टमसीटीएल स्टेटस ब्लूटूथ

पहिलीत ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’समोर ‘येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ’ म्हणा. ही स्थिती मशीन बंद झाल्यावरही जपून ठेवली जाते, म्हणून कधीतरी चुकून दाबलेलं एअरप्लेन मोडचं बटण पुढे पुन्हा पुन्हा छळतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ डेस्कटॉपवर क्वचितच दिसतं, तो मुख्यतः लॅपटॉपचा विषय. दुसरीत ‘ॲक्टिव्ह’ दिसायला हवं. सेवा ‘इनॲक्टिव्ह’ असेल आणि खाली ‘कंडिशन’ पूर्ण झाली नाही असं लिहिलं असेल, तर ती जबरदस्तीने सुरू करू नका. कर्नलमध्ये ब्लूटूथ जागं झालेलं नाही, म्हणून सेवा सुरू झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. परत एक थर खाली उतरा.

इथवर सगळं हिरवं असेल तरच पेअरिंग. सेटिंग्जची ब्लूटूथची खिडकी आधी बंद करा. ग्नोममध्ये, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये, ती उघडी असेपर्यंत अडॅप्टर आसपासची उपकरणं शोधत राहतो, आणि पेअरिंगची विचारणा कधी कधी तुमच्या टर्मिनलऐवजी त्या खिडकीकडे जाते. मग ‘ब्लूटूथसीटीएल’ म्हणा. आत शिरल्यावर कमांडची ओळ बदलेल. तिथे ‘शो’ टाइप केलं की अडॅप्टरची माहिती येते. ‘पॉवर्ड: येस’ हवं, नसेल तर ‘पॉवर ऑन’. त्यापुढे ‘स्कॅन ऑन’. उपकरण पेअरिंगच्या अवस्थेत टाका आणि यादीत त्याचं नाव व पत्ता येण्याची वाट पाहा. पत्ता म्हणजे अपूर्णविरामांनी जोडलेल्या सहा जोड्या. पूर्ण टाइप करायची गरज नाही, पहिली दोन-चार अक्षरं लिहून टॅब दाबला की उरलेला आपोआप भरतो.

क्रम असा ठेवा: ‘पेअर’ आणि पत्ता, मग ‘ट्रस्ट’ आणि पत्ता, मग ‘स्कॅन ऑफ’, मग ‘कनेक्ट’ आणि पत्ता. ‘स्कॅन ऑफ’ पेअरनंतर का, ते सांगतो. पेअर न झालेलं उपकरण ब्लूझेड तात्पुरतं समजतं आणि शोध थांबल्यावर साधारण ३० सेकंदांत विसरतं. त्यामुळे आधी शोध थांबवून, पत्ता कागदावर लिहून घेऊन, निवांत पेअर करायला गेलात तर ‘डिव्हाइस नॉट अव्हेलेबल’ असं उत्तर मिळतं. उपकरण समोर दिवा लुकलुकवत असतं आणि संगणक म्हणतो नाहीच! कनेक्ट करण्याआधी मात्र शोध बंद केलेला बरा, कारण शोध आणि जोडणी दोन्ही एकाच रेडिओचा वेळ खातात.

‘ट्रस्ट’ लोक वगळतात आणि मग रोज सकाळी माउस हाताने जोडत बसतात. झोपेतून उठल्यावर माउस आणि कीबोर्ड स्वतःहून संगणकाला हाक मारतात. ट्रस्ट दिलेला नसेल तर संगणक त्या हाकेला परवानगी मागतो, आणि परवानगी द्यायला त्या क्षणी कोणी नसतं. ‘इन्फो’ आणि पत्ता टाकून पाहा: ‘पेअर्ड’, ‘ट्रस्टेड’ आणि ‘कनेक्टेड’ या तीन ओळी वेगवेगळ्या आहेत आणि तिन्हींचे अर्थ वेगळे. ‘ब्लॉक्ड: येस’ असेल तर ‘अनब्लॉक’. बॅटरीची टक्केवारीही अनेकदा इथेच दिसते, आणि कमी बॅटरी हे अडखळण्याचं साधंसं कारण असू शकतं, तेवढं पाहून घ्या.

जुने गेम कंट्रोलर वापरणाऱ्यांसाठी थोडं विषयांतर. डिसेंबर २०२३ मध्ये ब्लूटूथ कीबोर्डच्या वाटेने घुसता येणारी एक गंभीर त्रुटी जाहीर झाली: जवळपास असलेला कोणीही, पेअर न होता, तुमच्या मशीनवर कळा दाबल्यासारखं करू शकत होता. दुरुस्ती म्हणून ‘इनपुट.कॉन्फ’ या फाइलमधला ‘क्लासिकबाँडेडओन्ली’ हा पर्याय मुळातच चालू ठेवला गेला. त्यामुळे काही जुने कंट्रोलर जोडले जाईनासे झाले आणि ‘हा पर्याय बंद करा’ असा सल्ला पसरला. कृपया तो कायमसाठी पाळू नका. खेळण्यापुरता बंद केलात तर खेळ संपल्यावर परत चालू करा. कळा कोण दाबतंय हे मशीनला खात्रीने माहीत असणं एखाद्या खेळापेक्षा मोठं आहे.

आता तुमचा हेडफोन. पेअर होतो, कनेक्ट होताच सुटतो. ब्लूटूथसीटीएलमध्ये त्या वेळी ‘प्रोफाइल अनअव्हेलेबल’ किंवा लॉगमध्ये ‘प्रोटोकॉल नॉट अव्हेलेबल’ असं काही येतं का पाहा. लॉगसाठी:

जर्नलसीटीएल -यू ब्लूटूथ -बी

‘-बी’ने या वेळच्या बूटपासूनच्याच ओळी येतात. तसा संदेश असेल तर ब्लूटूथमध्ये दोष नाही. हेडफोन म्हणतो, मी गाणी ऐकायला आलोय. ब्लूझेड म्हणतं, माझ्याकडे गाणी घेऊन कोणी आलेलंच नाही. प्रोफाइल म्हणजे जोडणीवरून करायच्या कामाचा प्रकार. संगीताच्या प्रोफाइलचं नाव ‘एटूडीपी’. त्याची नोंद ब्लूझेडकडे आवाजाच्या सर्व्हरने करायची असते. ती झाली नाही की जोडणीला काम उरत नाही आणि ती सुटते. आधी कोणता सर्व्हर चालू आहे ते विचारा:

पॅकसीटीएल इन्फो

रोमनमध्ये ही पी, ए, सी, टी, एल अशी पाच अक्षरं. ‘सर्व्हर नेम’च्या ओळीत नुसतं ‘पल्सऑडिओ’ असेल तर जुना सर्व्हर. ‘पल्सऑडिओ ऑन पाइपवायर’ असेल तर नवा. उबुंटू २२.०४ मध्ये मुळात पल्सऑडिओ आहे, २२.१० पासून पाइपवायर आलं. पल्सऑडिओ असेल तर ‘पल्सऑडिओ-मॉड्यूल-ब्लूटूथ’ हे पॅकेज हवं. पाइपवायर असेल तर ‘लिबस्पा-०.२-ब्लूटूथ’ हवं आणि त्याच्यासोबत ‘वायरप्लंबर’ हा त्याचा मदतनीस चालू हवा. २२.०४ वर अर्धवट माहितीच्या आधारे पाइपवायर चढवलेल्या मशीनवर दोन्ही सर्व्हर एकाच वेळी ब्लूटूथवर हक्क सांगतात. तसं दिसलं तर एकच ठेवा. पॅकेज टाकल्यावर पल्सऑडिओसाठी ‘पल्सऑडिओ -के’, किंवा पाइपवायरसाठी:

सिस्टमसीटीएल --यूजर रीस्टार्ट पाइपवायर वायरप्लंबर

इथे ‘सुडो’ लावू नका. या सेवा तुमच्या नावाने चालतात, रूटच्या (प्रशासकाच्या) नाही. मग पुन्हा ‘कनेक्ट’. पुन्हा पेअर करण्याची गरज नाही.

हेडफोन जोडला गेला, पण आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, ही याचीच पुढची तक्रार. क्लासिक, म्हणजे जुन्या प्रकारच्या ब्लूटूथमध्ये एटूडीपीवर उत्तम संगीत येतं, पण ते एकाच दिशेने जातं, माइक नाही. माइक हवा असला की हेडफोन ‘हँड्सफ्री’ प्रोफाइलवर जातो आणि तिथे आवाजाचा नमुनादर बहुतेक हेडफोनांत ८ किंवा १६ किलोहर्ट्झ असतो. ऑनलाइन बैठक सुरू करताच गाणं खराब होतं ते यामुळे. सध्याची प्रोफाइल ‘पॅकसीटीएल लिस्ट कार्ड्स’मध्ये दिसते आणि ‘पॅकसीटीएल सेट-कार्ड-प्रोफाइल’ने बदलता येते. कार्डाचं आणि प्रोफाइलचं नाव त्या यादीतून जसंच्या तसं उचला, कारण दोन्ही सर्व्हरांत स्पेलिंग थोडं वेगळं आहे. डेस्कटॉपवर माझा ठाम सल्ला: माइक वेबकॅमचा किंवा वेगळा यूएसबीचा घ्या, आणि हेडफोनला फक्त ऐकण्यासाठी एटूडीपीवर राहू द्या.

माउसचं अडखळणं हा रेडिओचा विषय. क्लासिक ब्लूटूथ २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमधल्या ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारत चालतं, आणि कमी वीज खाणारा नवा प्रकार त्याच पट्ट्यातल्या ४० वाहिन्यांवर. याच पट्ट्यात २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय बसलेलं आहे. त्याची एक २० मेगाहर्ट्झची वाहिनी ब्लूटूथच्या सुमारे २० वाहिन्या झाकते. आणि याच पट्ट्यात यूएसबी ३ चा गोंगाट पडतो. हे ऐकीव नाही: इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं आहे. यूएसबी ३ च्या ५ गिगाबिटच्या संकेतांतून होणारं उत्सर्जन २.४ गिगाहर्ट्झवर पसरतं आणि पोर्ट, केबल व लागून असलेल्या हार्ड डिस्कमधून बाहेर येतं. तुमचा डोंगल कॅबिनेटच्या मागे, लोखंडी पत्र्याला खेटून, बहुधा निळ्या पोर्टमध्ये, आणि शेजारी एखादी बाह्य डिस्क. याहून वाईट जागा त्याच्यासाठी शोधून सापडणार नाही.

‘एलएसयूएसबी -टी’ चालवा. ब्लूटूथच्या ओळीशेवटी ‘१२एम’ दिसेल, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट. डोंगलला एवढाच वेग लागतो, निळ्या पोर्टचा त्याला काडीचा उपयोग नाही. तो काळ्या, यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावा. त्याहून चांगलं म्हणजे मीटरभर लांबीची साधी यूएसबी २ ची एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल टेबलावर, माउसच्या नजरेसमोर आणा. या केबलने जितक्या लोकांचा त्रास मिटतो तितका कुठल्याच कमांडने मिटत नाही, आणि तरीही हा उपाय सगळ्यात शेवटी केला जातो. वायफाय शक्य असेल तर ५ गिगाहर्ट्झवर न्या. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’मध्ये वाहिनीचा आकडा १ ते १३ असेल तर तुम्ही २.४ वर आहात, ३६ किंवा त्यापुढे असेल तर ५ वर.

माउस थोडा वेळ स्थिर ठेवल्यावर पहिलीच हालचाल अडकत असेल तर वीजबचत तपासा:

कॅट /सिस/मॉड्यूल/बीटीयूएसबी/पॅरामीटर्स/एनेबल_ऑटोसस्पेंड

उत्तर ‘वाय’ आलं तर कर्नल डोंगलला झोपवतो आहे. लॅपटॉपवर याने बॅटरी वाचते, डेस्कटॉपवर काही वाचत नाही. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ या फोल्डरमध्ये ‘.कॉन्फ’ने संपणारी एक फाइल करा, तिच्यात ‘ऑप्शन्स बीटीयूएसबी एनेबल_ऑटोसस्पेंड=०’ ही एकच ओळ लिहा आणि मशीन रीस्टार्ट करा. मग तीच कमांड पुन्हा चालवून ‘एन’ आलं का ते बघा.

राहिला विंडोजचा प्रश्न. पेअरिंगच्या वेळी उपकरण आणि संगणक मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात. उपकरण ती किल्ली अडॅप्टरच्या पत्त्यासोबत लक्षात ठेवतं. तुमचा डोंगल एकच, म्हणून विंडोज आणि उबुंटू दोन्हींचा पत्ता एकच. विंडोजमध्ये पेअर केलं की उपकरणातली किल्ली बदलते आणि उबुंटूकडची जुनी निकामी होते. पुन्हा पेअर केलं की उलट होतं. हा खेळ थांबवायचा तर दोन्हीकडे एकच किल्ली ठेवावी लागते. आधी उबुंटूत पेअर करा, मग विंडोजमध्ये, आणि त्यानंतर विंडोजची किल्ली उबुंटूत आणा. विंडोज ती रजिस्ट्रीमध्ये (आपल्या सेटिंग्जच्या साठ्यात) ‘बीटीएचपोर्ट’च्या ‘पॅरामीटर्स’खाली ‘कीज’मध्ये ठेवतं. उबुंटूमधूनच ती वाचायची तर ‘सीएचएनटीपीडब्ल्यू’ नावाचं पॅकेज आहे: विंडोजचं पार्टिशन माउंट करून ‘सिस्टम३२’मधल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात जा, ‘सिस्टम’ नावाच्या फाइलवर ते ‘-ई’ पर्यायासह चालवा, ‘कंट्रोलसेट००१’मधून ‘सर्व्हिसेस’मार्गे ‘कीज’पर्यंत उतरा आणि ‘हेक्स’ कमांडने उपकरणाच्या पत्त्यासमोरची १६ बाइट वाचा. फक्त वाचा, लिहू नका.

उबुंटूकडची नोंद ‘/व्हार/लिब/ब्लूटूथ’मध्ये, अडॅप्टरच्या पत्त्याच्या फोल्डरात, उपकरणाच्या पत्त्याच्या फोल्डरात, ‘इन्फो’ या फाइलमध्ये असते. आधी तिची प्रत काढून ठेवा. ‘लिंककी’ या विभागातल्या ‘की’समोर ती १६ बाइट मोठ्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा आणि ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट ब्लूटूथ’ करा. क्लासिक उपकरणांना एवढं पुरतं. कमी वीज खाणाऱ्या प्रकारातल्या माउसला एकाहून जास्त आकडे न्यावे लागतात, आणि त्यातले काही दशमान पद्धतीत बदलून. शिवाय असे काही माउस प्रत्येक पेअरिंगला आपला पत्ताच थोडा बदलतात, तेव्हा उबुंटूतल्या फोल्डरचं नावही विंडोजमधल्या पत्त्याप्रमाणे बदलावं लागतं. हे जमतं, पण किचकट आहे. माउसला दोन-तीन संगणकांसाठी वेगवेगळे कप्पे देणारं बटण असेल तर एक कप्पा विंडोजला आणि दुसरा उबुंटूला द्या, काही मिनिटांत काम होतं. तेही नसेल तर उबुंटूसाठी दुसरा डोंगल लावा. पत्ता वेगळा, किल्ली वेगळी, भांडण नाही.

एवढं करूनही जोडणी तुटत असेल तर ‘सुडो बीटीमॉन’. एका टर्मिनलमध्ये हे चालू ठेवा आणि दुसऱ्यातून ‘कनेक्ट’ करा. अडॅप्टर आणि कर्नल यांच्यातला एकूण एक शब्द पडद्यावर वाहत जाईल. घाबरू नका, त्यातल्या दोनच गोष्टी शोधायच्या: ‘डिसकनेक्ट कम्प्लीट’ ही ओळ आणि तिच्याखालचं कारण. जोडणी जुळलीच नाही तर ‘कनेक्ट कम्प्लीट’खालची स्थिती. ‘०एक्स०४’ म्हणजे पेज टाइमआउट, उपकरणाने हाकेला ओच दिली नाही. ते बंद आहे, लांब आहे, किंवा घरातल्या कोणाच्या तरी फोनला जोडलेलं आहे. हा शेवटचा प्रकार तपासल्याशिवाय हेडफोनवर दुसरा कुठलाही प्रयोग करू नका. ‘०एक्स०५’ किंवा ‘०एक्स०६’ म्हणजे किल्ली जुळत नाही किंवा सापडत नाही, आणि फक्त याच वेळी ‘रिमूव्ह’ करून पुन्हा पेअर करणं योग्य. ‘०एक्स०८’ म्हणजे बोलता बोलता समोरचा गप्प झाला: गोंगाट, अंतर, बॅटरी, वीजबचत. ‘०एक्स१३’ म्हणजे उपकरणाने स्वतः तोडलं आणि ‘०एक्स१६’ म्हणजे आपल्या संगणकाने तोडलं. हेडफोनच्या बाबतीत ‘०एक्स१६’ आला तर पुन्हा आवाजाच्या सर्व्हरकडे वळा.

तुमच्याकडे मला आधी एक्स्टेन्शन केबल आणि ‘पॅकसीटीएल इन्फो’ची ओळ पाहायला आवडेल. तरी सुटलं नाही तर डोंगलची ‘एलएसयूएसबी’मधली ओळ, ‘डीमेसेज’मधल्या ब्लूटूथच्या सगळ्या ओळी आणि ‘बीटीमॉन’मधला तुटण्याच्या आधीचा तुकडा पाठवा. पाठवण्याआधी त्यात ‘लिंक की’ असलेल्या ओळी दिसल्या तर त्या काढून टाका, आणि ‘इन्फो’ ही फाइल कोणालाही पाठवू नका. ती किल्ली हाती लागलेला माणूस तुमच्या हेडफोनशी तुमचा संगणक असल्यासारखा बोलू शकतो.